वर्तककाकांचा ढिला नट

घरी प्लंबर आला की आपण त्याला चहा देतो आणि बाजूला होतो. आमचे शेजारी वर्तककाका मात्र त्याच्याबरोबर सिंकखाली शिरायचे. तो उताणा पडून काम करायचा आणि काका शेजारी उताणे पडून त्याच्या हातांवर पाळत ठेवायचे. "यू आर टाइटनिंग फुल्ली, नो?" हे ते इतक्या जवळून विचारायचे की एक जण पाना तिथेच टाकून निघून गेला.

"अरे मंदार, हे लोक शेवटचा आटा मुद्दाम ढिला सोडतात," काका मला सांगायचे. "म्हणजे आपण परत बोलावतो!"

होता होता इंग्लंडमधल्या आमच्या रीडिंग गावात त्यांच्याकडे यायला एकही प्लंबर तयार होईना. मग काका फोनवर व्हिडिओ बघून सगळं स्वतःच शिकायला लागले. पहिला प्रयोग अर्थातच आमच्या घरी. त्यांनी खोली गरम ठेवणारा आमचा रेडिएटर दुरुस्त केला आणि हॉलभर पाणी झालं. माझी बायको नुसती गालिच्याकडे बघत राहिली. "या रेडिएटरवर माझा आधीपासूनच संशय होता," काका म्हणाले.

पुढे त्यांनी एक जुनी कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, घेतलं. गाडीमागे जोडून समुद्रावर न्यायची होती. ती घरासमोरच्या ड्राइव्हवेवरून कधी हललीच नाही. दर शनिवारी मला फोन यायचा, "टॉर्च धरायला ये." काकू गेल्यापासून टॉर्च धरायला घरात कोणी नव्हतं, त्यामुळे मला नाही म्हणवायचं नाही. छत झालं, खिडक्या झाल्या. राहिला तो सिंकखालच्या पाइपाचा नट. आम्ही तो आवळायचो, टिश्यू फिरवून बघायचो, अगदी कोरडा. पुढच्या शनिवारी तिथून पुन्हा पाणी ठिबकायचं. काकांचा संशय आधी जुन्या मालकावर होता, मग थंडीवर गेला. माझा हळूहळू काकांवरच यायला लागला.

गेल्या महिन्यात मला केंब्रिजला नोकरी लागली. काकांना सांगितलं. "अरे वा," एवढंच म्हणाले. दुसऱ्याच दिवशी फोन आला, "भयंकर गळतंय, लगेच ये."

गेलो. नट नुसत्या बोटांनी फिरत होता. काकांच्या स्वेटरची बाही कोपरापर्यंत ओली होती आणि खिशातून पाना डोकावत होता.

"काका, हा एवढा ढिला कसा झाला?"

"कोणीतरी मुद्दाम करतंय," ते टॉर्चचं बटण चाचपत म्हणाले. मग थोड्या वेळाने, "केंब्रिजहून इथं यायला किती वेळ लागतो रे?"

मी त्यांच्या खिशातला पाना काढून घेतला.

"येईन ना काका शनिवारी," मी म्हणालो. "आज टॉर्च तुम्ही धरा."

मी सिंकखाली शिरलो. सवयीप्रमाणे काकाही शेजारी उताणे पडले आणि माझ्या हातांकडे बघायला लागले. मी नट आवळत आणला आणि शेवटचा आटा तसाच सोडून दिला. काकांनी ते बघितलं. पण फुल्ली टाइट केलंस ना, असं काही त्यांनी विचारलं नाही.