तुळसाक्काचं पान

आमच्या असोद्यात पागोटं बांधणारी बाई एकच, आणि गावातलं सगळ्यात नीटस पागोटंही तिचंच. तरणी पोरं पांढऱ्या टोप्यांवर आल्यापासून तर लग्नाच्या दिवशी नवरदेवाचा बापसुद्धा पागोटं बांधून घ्यायला डोकं पुढे करून तिच्या ओट्यावर बसे.

ही आमची शेजारीण तुळसाक्का. बापाला मुलगा नव्हता. त्याने हिच्याच डोक्याला पागोटं बांधलं, हाती कासरा दिला आणि तुळशीराम म्हणून हाका मारू लागला. पुढे पोऱ्याला सासरी कसं धाडायचं म्हणून लग्नही राहिलं. बाप गेला, पागोटं राहिलं. लुगडं नेसून, कानावर बिडी ठेवून अक्का गाडी हाकायची. बायांनी काही विचारलं की "बायांचं मले काय कळते" म्हणायची. पारावर शिव्या सुरू झाल्या की "गडीमानसांच्या जातीले लाजच नही" म्हणून उठायची.

खरी पंचाईत लग्नात. पुरुषांच्या पंगतीत ती बसली की त्यांना मोकळेपणी वरण ओरपता येईना. बायांच्या पंगतीत बसली तर पागोटं दिसताच नव्या सुना सवयीने पदर नाकापर्यंत ओढत, मग वरणात बुडवलेली गव्हाची बट्टी त्यांना सापडेना. शेवटी तिनेच तोड काढली. आचाऱ्याच्या चुलीजवळ केळीचं पान मांडून ती एकटी जेवे.

माझ्या लेकीच्या लग्नात मात्र मी हट्ट धरला. म्हटलं, तुला हवी त्या पंगतीत बस, पण पंगतीतच बस. ती मांडवाच्या मेढीला टेकली.

"बाप मले पोऱ्या म्हने, गाव बाई म्हने. तुले काय वाटते, हे कोन्ही इचारलंच नही."

"मी इचारते, अक्का. सांग."

"आता मलेच सांगता येत नही, बाई."

तिने पागोटं उतरवून मांडीवर घेतलं आणि बायांच्या पंगतीत कडेला बसली. केस पांढरे, विरळ. पदर डोक्यावर घ्यायची हाताला सवयच नव्हती.

माझी धाकटी सून बट्ट्या वाढत तिच्यापाशी आली आणि थबकली. पदर ओढावा की नाही, तिला कळेना. हात पदराकडे गेला, परत आला. ती न वाढताच पुढच्या पानाकडे गेली.

मी बट्टी घेऊन धावले. तोवर पागोटं पुन्हा डोक्यावर चढलं होतं, आणि आपलं रिकामं पान उचलून अक्का चुलीकडे निघाली होती.