भोयरसाहेबांची पाचवी पोळी

लग्नाला गेले की भोयरसाहेब नवरानवरीकडे नंतर बघत, आधी आचाऱ्याला गाठत. अक्षता पडायच्या आत मांडवाच्या मागच्या बाजूला जायचे, कढईजवळ घाम पुसत उभ्या असलेल्या माणसाला विचारायचे, "पानं किती धरले?" पंगती उठल्या की पुन्हा तिथंच हजर. "जेवले किती?" तो आकडा मिळाला की मगच यांचा हात आहेराच्या पाकिटाकडे जायचा.

नालवाडीतल्या एका लग्नात तर कमाल केली. पाठवणीची वेळ, मुलीचा बाप खांबाला धरून रडतोय, आणि हे त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगतायत, "पाचशे धरले होते, साडेसहाशे जेवले. खर्च वाढला तो पानं वाढले म्हणून. तुमच्या हातून काई उधळपट्टी झाली नाई. बिनघोर राहा." माणूस रडता रडता थांबला आणि यांच्याकडे बघतच राहिला.

आता मी कोण, तेही सांगते. वर्ध्याहून सेवाग्रामकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझी खानावळ आहे. आमच्या ह्यांची गिरणी बंद पडली, तेव्हा नव्वदच्या दशकात आम्ही ती सुरू केली. पोरं शिकायला आलेली, दवाखान्यात कोणाची तरी आजारी माणसं, त्यांचे नातेवाईक, असे सगळे जेवायला येतात. जागा माझ्या भासऱ्यांची, म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावाची. सुरुवातीची भांडीकुंडीही त्यांनीच घेऊन दिली. त्यांना सगळे दादा म्हणतात. सेलूला त्यांचं मोठं किराणा दुकान.

आणि भोयरसाहेब म्हणजे जवळच्या तेलगिरणीतले कॉस्ट अकाउंटंट. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन रायपूरला. दोन्ही वेळा आमच्याकडे जेवायचे. गल्ल्याजवळची भिंतीकडची जागा त्यांची ठरलेली. तिथं दुसरं कोणी बसलं तर काही बोलायचे नाहीत, नुसते शेजारी उभे राहायचे. बसलेला आपोआप उठायचा.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. कुठलाही खर्च वाढला की म्हणायचे, "भावाचा का वापराचा?" म्हणजे वस्तू महाग झाली म्हणून पैसे जास्त गेले, की वस्तूच जास्त वापरली? हे त्यांचं डाळीला, तेलाला, गॅसला चाललं असतं तर ठीक होतं. पण एकदा मी भाजीवाल्यावर चांगली तापले होते. तो गेल्यावर हे शांतपणे म्हणतात, "वहिनी, आज राग जास्त गेला. कारणं वाढले, का एकाच कारणावर जास्त वापर झाला?" मी म्हटलं, "आता दुसरं कारण तुम्ही झाले!" तर मान डोलवून म्हणाले, "मंग बरोबर आहे. कारणं वाढले."

आणि जेवताना एक तमाशा. चार पोळ्या झाल्या की हात ताटावर आडवा. "नको, नको. झालं. अंदाज संपला." मी काय ऐकते! आमच्याकडे जेवणारा नको म्हणतो आणि वाढणारा वाढतो, हीच रीत. गरम पोळी तव्यावरून आणायची आणि सरळ त्यांच्या हातावर ठेवायची. चटका बसला की हात निघतो, पोळी ताटात. "वहिनी, हे जबरदस्ती आहे," असं म्हणत ती पाचवी पोळी ते सगळ्यात सावकाश खायचे.

एका रविवारी दादा हिशोब बघायला आले. आता आमच्यात एक अडचण आहे. भासऱ्यांशी तोंड वर करून बोलायची रीत नाही. ते माझ्याशी थेट बोलत नाहीत, मी त्यांच्याशी नाही. म्हणून दादा पंख्याकडे बघून बोलतात आणि मी डोक्यावर पदर घेऊन दातओठ खाते. आमचे हे मध्ये बसून दोन्हीकडे मान हलवतात.

दादा पंख्याला म्हणाले, "सुरुवातीले मी महिन्याचा अंदाज काढून देल्ला होता. दर महिन्याले खर्च त्याच्या वरतं! हे काई धंद्याचं लक्षण नाई. बंद करा. आमचं पोरगं झेरॉक्सचं दुकान मागून राह्यलं, जागा त्याले देतो. तुम्ही दोघं सेलूले या, दुकानात बसा."

सेलूच्या दुकानात बसायचं म्हणजे जन्मभर दुसऱ्याच्या गल्ल्यापाशी मिरच्या तोलायच्या. इथं चूल माझी, शब्द माझा. पण बोलणार कशी?

बोलले भोयरसाहेब. ताटावरून हात न धुताच उठले. "दादा, तो अंदाज किती पानांचा होता जी?"

"चाळीस."

"अन् आता जेवतात साठ. चाळिसाचा अंदाज साठाले लावून राह्यले तुम्ही? पोरगं वाढलं, अन् तुम्ही त्याले जुना सदरा घालून म्हणता, पोरगं लठ्ठ झालं!" मग त्यांनी दादांना गल्ल्याजवळ बसवलं आणि समजावलं. जागेचं भाडं, शेवंताबाईचा पगार, हे दहा जेवोत की शंभर, तेवढंच. शेवंताबाई म्हणजे आमच्या पोळ्या लाटणारी. कणीक, डाळ, तेल, गॅस मात्र पानांमागे चालतं. "मूळ अंदाज बाजूले ठेवा. काम किती झालं ते बघा. तेवढ्या कामाले किती खर्च यायले पायजे होता, ते काढा. मंग खरा खर्च त्याच्या शेजारी ठेवा. अंदाज असा असावा, कामासंगं हलणारा."

तसं काढल्यावर खर्च साठ पानांच्या मानाने कमीच निघाला. दादा पंख्याकडे बघायचं विसरले आणि चक्क भोयरसाहेबांकडे बघू लागले. "तुम्ही दर महिन्याले असं काढून द्या मले," म्हणाले. मी आत जाऊन शेवंताबाईला मिठी मारली. तिच्या हाताची कणीक माझ्या पाठीला लागली ती संध्याकाळपर्यंत तशीच होती.

पण आमच्या नशिबी सरळ सुख कुठलं! भोयरसाहेबांना आता हक्काचं काम मिळालं होतं. गिरणीतून सुटले की स्वयंपाकघरात. मसाल्याचा डबा उघड, तेलाची बरणी उचलून बघ. एक दिवस तोंड उजळून माझ्याकडे आले. "वहिनी, सापडला! कणकेत फरक आहे, अंदाजापेक्षा जास्त जाते. भाव तोच आहे. म्हणजे वापराचा!"

"सापडला म्हणजे काय, चोर आहे का कोणी घरात?"

"तेच बघायचं आहे."

मग शेवंताबाईच्या मागे लागले. तिचे गोळे तोलले. ती अशी भडकली की म्हणाली, "साहेब, आता पोळी लाटतानी तुमाले बी पिठात लोळवतो!" गोळे बरोबर निघाले. मग डबे तपासले, उंदीर तपासले. शेवटी दोन दिवस आपल्या जागेवर बसून नुसते जेवणाऱ्यांकडे बघत राहिले, आणि त्यांना कळलं. चोर मीच होते. प्रत्येकाच्या ताटात ती एक पोळी मी जास्तीची ढकलत होते. "आग्रह!" ते म्हणाले. "हा आग्रहाचा फरक आहे." एवढा आनंद मी कॉस्ट अकाउंटंट माणसाच्या तोंडावर पुन्हा कधी पाहिला नाही.

आनंदाच्या भरात त्यांनी तो दादांना सांगितला. दादांनी ताबडतोब पंख्याला हुकूम दिला. "चार पोळ्या. पाचवी कोणी मागितली तर द्या. आपल्या मनानं विचारायचं नाई."

झालं. आता बाहेरच्या माणसाला वाटेल, त्यात काय मोठं? मागितली की मिळतेच ना! पण आमच्याकडे पोळी मागत नाहीत हो! भरल्या पंगतीत तोंड उघडून "पोळी द्या" म्हणणं म्हणजे लाज. माणूस उपाशी उठेल, पण मागणार नाही. त्याला विचारावं लागतं, त्याने नको म्हणावं लागतं, आपण वाढावं लागतं. तेव्हा कुठे त्याचं पोट भरतं.

मी हुकमाप्रमाणे हात बांधून उभी राहिले. पोरं ताटाकडे बघायची, मग माझ्याकडे, मग हळूच उठायची. एक मुलगा हात धुताना म्हणाला, "काकू, आमच्यावर रागावल्या का जी?" काय सांगू त्याला? डोळ्यात पाणी आलं आणि रागही आला. महिना संपेपर्यंत कितीतरी जणांनी दुसरीकडे जायला सुरुवात केली.

आणि भोयरसाहेब? चौथी पोळी संपली की सवयीने हात ताटावर आडवा धरायचे. "नको, नको." पण कोणी आणतच नव्हतं. हात तसाच थोडा वेळ तिथं राहायचा. मग तो ते काढून घ्यायचे आणि पाणी प्यायचे. मी मुद्दाम भांडी घासल्यासारखं करायची. तुम्हीच लावला ना हा शोध, मग बसा, असं मनात म्हणायची.

महिना संपल्यावरच्या रविवारी दादा आले. कणकेचा फरक पार गेलेला बघून खूश झाले. मग खालची बेरीज बघितली आणि भुवया वर गेल्या. पानं साठावरून पुन्हा चाळिसावर आली होती. भाडं तेवढंच, शेवंताबाईचा पगार तेवढाच, आणि ते आता कमी डोक्यांवर बसलं होतं. नफा निम्मा सुद्धा नव्हता.

"आता तर अंदाज बरोबर लावला, वापर बरोबर केला, तरी बुडूनच राह्यलं," दादा पंख्याला म्हणाले. "मंग चालवायचं कायले? पुढच्या महिन्यापासून झेरॉक्स."

आमचे हे मान खाली घालून बसले. मी दाराच्या चौकटीला धरलं होतं. भोयरसाहेब उठले, पण या वेळी त्यांचा तो नेहमीचा ठसका नव्हता.

"दादा, चूक माझी आहे. मी फरक पकडला, पण तो काऊन आहे, हे नाई पाह्यलं. प्रत्येक फरक वाईटच असतो, असं धरून चाललो. ती पाचवी पोळी वाया नव्हती जात. लोक इथं तीच घ्यायले येत होते. चार पोळ्या तर कुठंबी भेटते."

"तुमाले काय माहीत लोक काऊन येतात?"

भोयरसाहेब थोडे घुटमळले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मी तेच घ्यायले येतो जी. गिरणीची कँटीन आहे, तिथं स्वस्त भेटते. पण आमची मंडळी गेल्यापासून मले 'अजून एक घ्या' म्हणणारं कोणी राह्यलं नाई. पोरगी फोनवर विचारते, जेवले का? मी म्हणतो, जेवलो. संपलं. इथं वहिनी हातावर चटका देतात. या महिन्यात कोणी चटका नाई देल्ला." मग घसा साफ करून, एकदम कामाच्या आवाजात, "म्हणून माझं म्हणणं, आग्रह अंदाजातच धरायचा. पानामागं एक पोळी जास्तीची. तेवढी गेली तर फरक शून्य. नाई गेली, तर विचारायचं, काऊन नाई गेली."

दादांनी कागद बाजूला ठेवला. "जेवू द्या आधी," एवढंच म्हणाले.

ताटं मांडली. दादा जेवले, चार पोळ्या झाल्या, आणि त्यांचा हात ताटावर आडवा आला. मी तव्याजवळ पोळी घेऊन उभी. भासऱ्यांना आग्रह मी कशी करणार! ह्यांच्याकडे बघितलं, तर हे ताकात मीठ शोधत होते.

तेव्हा भोयरसाहेबांनी माझ्या हातातून पोळी घेतली. जन्मात कधी कोणाला वाढलं नसावं. दोन बोटांत ती अशी धरली, जणू ती सटकून पळेल. दादांसमोर वाकले, काय म्हणायचं ते सुचेना, कानापर्यंत लाल झाले.

"घ्या न, दादा. एक घ्या. अंदाजात धरली आहे."

"नको, नको," दादा म्हणाले.

भोयरसाहेबांनी ती गरम पोळी सरळ दादांच्या हातावर ठेवली. दादा "अबे!" करून ओरडले, हात निघाला, पोळी ताटात. आणि दादा मोठ्याने हसले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण हसताना पहिल्यांदा पाहिलं. ती पोळी त्यांनी वरणासोबत पूर्ण खाल्ली. हात धुऊन आले आणि पंख्याकडे न बघता, सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, पुढच्या महिन्याले साठ पानं धरायचे का सत्तर?"

माझा पदर कुठे होता कोण जाणे. "सत्तर," मी म्हटलं.

मग भोयरसाहेबांना त्यांच्या जागेवर बसवलं आणि वाढायला घेतलं. चौथी झाली. मी तव्यावरची पोळी घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

"नको, नको. झालं," ते म्हणाले. पण हात काही ताटावर आला नाही.