थाई हॉटेलातली विहिणीची पंगत

नाबरकाका हॉटेलात शिरले की आधी एक रिकामं ताट मागतात. मग समोर आलेले वाडगे एकेक करून त्या ताटात मांडतात. वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी. मध्ये भाताची मूद. आता हे एखाद्या खानावळीत केलं तर कोण कशाला बघेल? पण काका हे करतात ते विद्यापीठामागच्या गल्लीतल्या थाई हॉटेलात, लॅपटॉप उघडून बसलेल्या कॉलेजच्या पोरापोरींच्या देखत.

गिरगावात आमच्या वाडीत काकांची खोली माझ्या खोलीला लागूनच. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात त्यांनी जन्मभर मुलांचे आसन क्रमांक लावले. आता मी त्याच विभागात आहे. माणूस निवृत्त झाला, आसनव्यवस्था काही सुटली नाही. कच्च्या पपईचं सॅलड आलं की म्हणणार, "ही कोशिंबीर. हिची जागा डावीकडे." हिरवी करी आली की, "हिला आमटीच्या जागी बसव." मी म्हणायचे, "काका, पोटात गेल्यावर सगळं एकच होतं हो!" त्यावर उत्तर ठरलेलं. "पद्धत आहे ती, सुषमा. पद्धत म्हणजे पद्धत."

पहिल्या दिवशी करीत गवती चहाची काडी सापडली तेव्हा त्यांनी ती दोन बोटांत धरून विचारलं, "कुणाला सर्दी झालीय का आत?" तुळशीसारखी पानं बघून तर डोळेच मोठे झाले. "अगं, नैवेद्यावर आपण एक पान ठेवतो. यांनी मूठभर टाकलीत!" हॉटेलचे मालक तांडेल मूळचे मालवणचे. थाई करीबरोबर आंबोळी देणारा मुंबईत हा एकच माणूस असावा. त्यांनाही काका सोडत नसत. "नारळाचा रस दाट आहे, पण विहिणीला तिखट सोसेल ना? विचारून ठेवा."

कारण हे सगळं चाललं होतं ते विहिणीसाठी.

काकांची एकुलती एक मुलगी मुग्धा नोकरीसाठी बँकॉकला गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न ठरवलं. फोनवर काकांनी पहिला प्रश्न काय विचारावा? "विहिणीची पंगत कुठे घालायची?" मुग्धा म्हणाली, तसलं काही नाही बाबा, सह्या करायच्या आणि जेवायला जायचं. काका म्हणाले, "मग माझं काय काम?" आणि गेलेच नाहीत. काकी जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे त्यांचे कान उपटणारंही घरात कुणी नव्हतं. मी उपटले, पण शेजारणीचं कोण ऐकतो! पुढची तीन वर्षं पोरगी दर रविवारी फोन करायची आणि हे म्हणायचे, "बरं. बरं आहे. ठेव."

आणि एका रविवारी तिने सांगितलं, सासूबाई बोधगयेला निघाल्यात, वाट वाकडी करून आम्ही दोघी एक दुपार मुंबईत येतोय. काकांनी फोन ठेवला आणि माझं दार वाजवलं. "त्या बाईंचा मान राहिलाय, सुषमा. माझ्या पोरीला तिथे कुणी म्हणायला नको, हिच्या माहेरी कुणी नाही. एकच दुपार आहे. ती बिघडली तर पोर पुन्हा यायची नाही." आवाज असा झाला होता की मला चेष्टा सुचेना.

मग दर गुरुवारी दुपारी तीनला आमची तालीम सुरू झाली. त्या वेळी ते हॉटेल पेंगुळलेलं असायचं. काचेतून पिवळं ऊन टेबलांवर उतरायचं, पंखे संथ फिरायचे, आतून नारळ आणि गवती चहाचा वास यायचा. बाहेरच्या गाड्यांचे हॉर्नसुद्धा फार लांबून आल्यासारखे वाटायचे. काका एकेक घास डोळे मिटून खायचे. कधी वाटायचं, ते तिथे नाहीतच, कुठल्या तरी न पाहिलेल्या मांडवात पंगतीतून फिरतायत. मी म्हटलं, घरीच आपला वरणभात करू, मी करते. तर म्हणाले, "परक्या मुलखात माणसाला पहिला घास ओळखीचा लागायला हवा. माझ्या पोरीला तिथे लागला असेल का गं?"

तो दिवस उजाडला. काका कोरं धोतर आणि काळा कोट घालून सकाळी दहालाच हॉटेलात हजर. दादरहून आणलेली केळीची पानं, चांदीचं तांब्याभांडं, आणि टेबलाभोवती फरशीवर रांगोळी! पोरं फोटो काढायला लागली. एकीने मला विचारलं, "मॅम, शूटिंग आहे का?" मी म्हटलं, "नाही गं बाई, लग्न आहे." उगाच आपलं बोलून गेले.

विहीणबाई ठेंगण्या, हसऱ्या, माझ्या आईच्या वयाच्या. रांगोळी मोडू नये म्हणून त्यांनी पाऊल उचलून आत टाकलं आणि काका तिथेच निम्मे विरघळले. मग ते वाढायला लागले. जन्मात कधी कुणाला भात वाढला नव्हता या माणसाने! पंगतीत विहीण म्हणायची असते, म्हणजे आमच्या लेकीला सांभाळा असं विहिणीला विनवणारं गाणं. ती बायकांनी म्हणायची, पण माझा गळा ऐकून काकांनी स्वतःच सूर लावला. परीक्षेच्या हॉलमध्ये सूचना वाचून दाखवाव्यात तसा तो आवाज! मी तोंडाला पदर लावला. विहीणबाईंनी मात्र चमचा खाली ठेवला, हात जोडले आणि गाणं संपेपर्यंत तशाच बसल्या. मुग्धा खाली मान घालून पानाकडे बघत होती.

जेवणं झाली. विमान संध्याकाळचं, टॅक्सी दारात आली. विहीणबाई उठल्या. मुग्धाने पर्स उचलली आणि थबकली.

"बाबा, तुमचं पान?"

"तू गाडीत बस. मग बसतो."

"सकाळपासून काही खाल्लंत तरी का?"

काका कोटाची बटणं चाचपायला लागले. शेवटी मीच सांगितलं, "चहासुद्धा नाही घेतला. मी तीनदा विचारलं."

"अगं, मुलीच्या लग्नात बाप उपाशीच असतो," काका म्हणाले.

"बाबा, लग्नाला तीन वर्षं झाली."

"मी नव्हतो ना तेव्हा. माझं आज होतंय." त्यांनी तांब्या उचलून पुन्हा जागेवर ठेवला. "चुकलं गं माझं."

मुग्धा हमसून रडायला लागली. विहीणबाईंना शब्द कळले नसतील, पण त्यांनी आपली सोडलेली खुर्ची परत ओढली आणि काकांना हाताने बसा म्हणून खूण केली. काका कसेबसे बसले.

"टॅक्सी थांबलीय तुझी," ते म्हणाले.

"थांबू दे," मुग्धा म्हणाली आणि डोळे पुसत बापापुढे कोरं पान मांडून त्यावर भात वाढायला लागली.