कट्टी मास्तर हात धुतात

कट्टी मास्तरांच्या दारात पाय ठेवला की आधी पाणी प्यावं लागे. तुम्ही कोण, काय काम काढलंत, हे सगळं नंतर. तांब्या-भांडं उंबऱ्याशीच असे आणि भांडं रिकामं होईपर्यंत मास्तर तुमच्या गळ्याकडे टक लावून बघत. घोट खाली उतरतोय ना, याची त्यांना खात्री हवी असायची. एकदा आमच्या मिलमधला एक मुकादम त्यांच्याशी भांडायलाच आला. बाह्या सरसावून, शिव्या ओठांवर आणून. मास्तरांनी त्याच्यापुढे भांडं धरलं.

"ओरडायचंय की? ओरडा बा. पण घसा ओला करून ओरडा."

मुकादम प्याला. दुसरं भांडंही प्याला. मग कशावरून भांडायला आलो हेच त्याला धड आठवेना, आणि "पाणी गोड हाय हो तुमचं" म्हणून परत गेला. आमच्या आडाच्या मचूळ पाण्याला गोड म्हणणारा तो पहिला आणि शेवटचाच माणूस.

मी कोकणातला, देवगडाकडचा. मराठी पाचवीत असताना वडील गेले आणि शाळा सुटली. पुढे थोडा मोठा झाल्यावर गाववाल्याच्या ओळखीनं सोलापुरात मिलच्या सूतखात्यात चिकटलो. गावातला तीस सालचा मार्शल लॉ उठून फार दिवस झाले नव्हते. पोलिसाची टोपी दिसली की मी कारण नसताना गल्ली बदलायचा. स्वभावच भित्रा. नोकरी जाईल, खोली जाईल, इथंच मरून पडलो तर घरी कोण कळवील, असलं काहीबाही डोक्यात सतत चालू असे.

खोली नरसक्काच्या घरात, माळ्यावर. नरसक्का विणकर घरातली, तेलुगू बोलणारी विधवा. घरात दोन माग, अंगणात सूत रंगवायची भट्टी, आणि तोंडात कायम एक टोमणा. खाली अंगणालगतच्या खोलीत मास्तर राहायचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझा हात धरून उजेडात नेला, बोटं उलटी केली आणि नखं बघितली.

"फिक्की. लोह कमी. पान खोटं बोलत नसतंय."

"पान?" मी घाबरून विचारलं.

"तेच रे. नख म्हण, पान म्हण. पोटात जे कमी असतंय, ते कडेला येऊन सांगतंय."

मग महिनाभर त्यांनी मला रोज गूळ-शेंगदाणे खायला घातले. मी बारीक आवाजात विचारलं, याचे काय द्यायचे? ते म्हणाले, "खत घातल्याबद्दल झाड काय देतंय?"

मास्तर म्हणत सगळे, पण ते मास्तर नव्हते. मिलच्या रंगखात्यात रसायनं तपासायचे. त्याआधी म्हैसूरकडे डोंगरात कॉफीचा एक मोठा मळा होता, तिथं एका साहेबाच्या हाताखाली ते कॉफीच्या झाडाचा अभ्यास करत. खोड कसं बनलंय, पानाच्या आत काय असतं, मुळं जमिनीतून कुठला क्षार किती ओढतात. पानं वाळवायची, जाळायची, राख तपासायची. "माणसाचीबी शेवटी राखच," ते म्हणत, "फक्त कुणी तपासत नाही." साहेब विलायतेला गेला, ते काम बंद पडलं, आणि मास्तर सोलापुरात आले. सबंध हिंदुस्थानात कॉफीला याहून वाईट गाव मिळालं नसतं. काळी चुनखडीची जमीन, खारट पाणी, आणि ऊन तर असं, की दगडानंही सावली शोधावी.

तरी त्यांच्या ट्रंकेत कॉफीचं बी होतं. रॉकेलच्या डब्यांतून त्यांनी ते लावलं. कॉफीचा कोंब उगवतो तो बी डोक्यावर घेऊनच. बारीक देठावर ते बी असं बसलेलं असतं, की टोपी घालून पोलीस उभा राहिल्यासारखं वाटतं. मी तर दचकलोच. सोलापूरच्या उन्हानं सगळे टोपीवाले एकेक करून आडवे केले, एक सोडून. तो एकटा वाढला. कमरेएवढा झाला, छातीएवढा झाला. त्याच्याभोवती मास्तरांनी तरटाचा पडदा लावला. तो दिवसभर ओला ठेवायचा म्हणून ते मधल्या सुट्टीत मिलमधून पळत यायचे.

नरसक्का म्हणायची, "ते झाड हाय का लेक हाय रे तुज्या मास्तरची? माज्या जावयाचं बी येवडं लाड न्हाय केले मी."

मास्तरांकडे एक पितळी सूक्ष्मदर्शक होता आणि एक विलायती वस्तरा. त्या वस्तऱ्यानं त्यांनी जन्मात दाढी केली नाही, दाढी आपली वाढलेली. वस्तरा पानाचे काप काढायला. मंडईतून गाजरं आणायची, गाजराला चीर द्यायची, त्या चिरेत पान धरायचं आणि गाजरासकट इतका पातळ काप काढायचा, की फुंकर मारली तर उडून जावा. शिल्लक गाजरं नरसक्काकडे जात. "गाजराचं हलवा करत्यात लोक," ती म्हणायची, "ह्यो गाजराची हजामत करतो!"

एकदा त्यांनी मला त्या नळीतून बघायला लावलं. पानाच्या पोटाशी बारीक बारीक तोंडं दिसली, ओठांसकट.

"ऊन झालं, पाणी कमी पडलं, की ही तोंडं मिटतात," मास्तर म्हणाले. "ओरडत नाही झाड. तोंड मिटून घेतंय, बस." मग त्यांनी पान उलटं करून शिरांच्या बेचक्यांत बोट ठेवलं. तिथं बारीक खळगे होते. "हे बघ कोनाडे. यात बारीक किडे बिऱ्हाड करतात. पानालाबी पोटभाडेकरू असतंय कोकण्या. नरसक्काला तू, तसं."

पुढं झाडाची कोवळी पानं पिवळी पडायला लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. मास्तर नरसक्काकडे हिराकस मागायला गेले. ती सूत काळं रंगवायला हिराकस, म्हणजे लोहाचा हिरवा क्षार, वापरायची. मास्तरांनी तो पाण्यात विरघळवला आणि कुंचल्यानं एका पानाच्या अर्ध्याच भागाला लावला. चार-सहा दिवसांनी तेवढा भाग हिरवा झाला. शेजारचा पिवळाच. मास्तर ते पान बाळाचं तोंड दाखवावं तसं गल्लीभर दाखवत फिरले. "जमिनीत लोह आहे. पण चुन्यानं धरून ठेवलंय. झाडाला मिळत नाही. समोर ताट आणि हात बांधलेले!"

नरसक्का पान बघून म्हणाली, "अर्धं जेवलं, अर्धं उपाशी. माज्या सुनंवानी. जेवती बी, आन् रडती बी."

सगळं ठीक होतं, फक्त फूल येत नव्हतं. मास्तरांना त्या झाडाचं एक फूल बघायचं होतं. कॉफी नको, बी नको, एक फूल. पानांच्या बगलेत हिरव्या कळ्यांचे झुबके दरवर्षी धरत, महिनोन्‌महिने मिटून बसत आणि शेवटी पिवळे पडून गळत. कारण मास्तरांना पाठ होतं. कॉफीच्या कळीला आधी कडक तहान लागावी लागते आणि मग एकदम भरपूर पाणी. तहान नाही तर बहर नाही. म्हणून दर संक्रांतीनंतर ते अंगणात उभे राहून जाहीर करत, "आजपासून झाडाला पाणी बंद! कोकण्या, तू घालायचं नाही. नरसक्का, मी मागितला तरी मला तांब्या द्यायचा नाही."

आणि मग मास्तरांचे हात मळायला लागत. रंगखात्यातून आले की हात धुवायचे. जेवायच्या आधी, जेवल्यावर. पुस्तकाला हात लावला, धूळ लागली. पान बघितलं, चीक लागला. मोरी सोडून ते डब्यावर वाकून हात धूत, अगदी कोपरापर्यंत. पान जरा मलूल दिसलं की पायसुद्धा मळत.

"मास्तर, पाणी घालायचं नव्हतं ना?" मी एकदा भीत भीत म्हणालो.

"पाणी कुठं घातलो? हात धुतलो की!"

असं दरवर्षी. झाड हिरवंगार, कळ्या मिटलेल्या. एकदा भट्टीपाशी बसलेली नरसक्का त्यांची ती धुलाई बघून हसत हसत ओरडली, "मास्तर, सारखं सारखं हात धुतासा, खून केलाय का काय?"

गल्लीतले दोघं-तिघं हसले. मीही हसलो. मास्तर हसले नाहीत. हातावरून पाणी ओघळत होतं, तसेच उभे राहिले. मग धोतराला हात पुसून आत गेले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या दारी आलेल्या माणसाला कुणी पाणी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी फाल्गुनात मास्तरांच्या छातीत कफ भरला, ताप चढला, आणि त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. टांग्यात बसताना ते मला म्हणाले, "झाड बघ."

मी बघत होतो. पण त्याच वेळी गल्लीतल्या आडाचा तळ उघडा पडला. कळशीभर पाण्याला बायका अर्धा दिवस बसत. माणसांना पुरेना, मागांना पुरेना. मी माझ्या पिण्यातलं भांडंभर नेलं, की ते डब्यातल्या मातीच्या भेगांत कुठं जायचं कळायचं नाही. तरट वाळून कडक झालं. पानं खाली लोंबली. ती बारीक तोंडं आता सगळी मिटली असतील, असं मनात यायचं आणि मी तिकडं बघायचं टाळायचा.

मग गल्लीतल्या पोरांनी आड उपसला, गाळ काढला, आणि झऱ्याला पाणी आलं. पहिली कळशी नरसक्काच्या वाट्याला आली. ती सरळ डब्यापाशी गेली आणि सगळी त्यात ओतली.

"आदी लेकीला," ती म्हणाली. "आपलं मग बगू."

आठ-दहा दिवसांनी पहाटे मिलला निघालो तर अंगणात मोगऱ्यासारखा वास. झाड पांढरं झालं होतं. प्रत्येक पानाच्या बगलेत फुलं, नुसती फुलं. नरसक्का दारात उभी राहून तोंडाला पदर लावून बघत होती.

मी तसाच ओल्या फडक्यात एक फांदी गुंडाळून दवाखान्यात गेलो. मिलच्या भोंग्याची भीती त्या दिवशी वाटली नाही. मास्तर खंगले होते. मी फांदी त्यांच्या हातात दिली. वाटलं, आता म्हणतील वस्तरा आण, गाजर आण. त्यांनी फूल नाकाशीसुद्धा नेलं नाही.

"तहानेलं ठेवलं कुणी?"

"आड आटला होता मास्तर."

त्यांनी फांदी छातीवर ठेवली. मग छताकडे बघत बोलायला लागले, हिराकसाबद्दल बोलत तशाच आवाजात.

"मळ्यावर असताना मुलगी होती मला. दोषी ताप आला, विषमज्वर. पाणी द्यायचं नाही असं वैद्यानं सांगितलं होतं. मी शिकलेला माणूस. नियम पाळला. शेवटी शेवटी ती बोलत नव्हती. माझ्या हाताकडे बघायची. तांब्या माझ्याच हातात होता की रे."

मी त्यांच्या पायांवरची चादर उगीच सारखी केली.

"इथं नियम बरोबर निघाला," ते फांदीकडे बघून म्हणाले. "बहर आला." आणि मग एकदम माझं मनगट धरलं. "आता पाणी घातलंस ना त्याला?"

"घातलं. नरसक्कानं कळशीभर घातलं."

"भरपूर?"

"भरपूर."

त्यांनी मनगट सोडलं. मी भांडं पुढं केलं, ते प्याले, आणि मी त्यांच्या गळ्याकडे बघत राहिलो.

त्याच आठवड्यात मास्तर गेले. फुलं तर त्याच्याही आधी तपकिरी पडून गळली होती. गुळाचं, शेंगदाण्याचं, नखं बघण्याचं, कशाचंच मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. अशा गोष्टींना वेळ असतो असं वाटायचं.

दवाखान्यातलं ते बोलणं मी नरसक्काला सांगितलं. ती भट्टीपुढं बसली होती. टोमणा नाही, देवाचं नाव नाही. लाकडं मागे ओढून तिनं भट्टी विझवली.

दुसऱ्या दिवशी मिलमधून आलो तर नरसक्का डब्यावर वाकलेली. मोरीवर रंग काढून हात आधीच स्वच्छ केलेले, तरी तांब्यानं पाणी घेऊन कोपरापर्यंत सावकाश चोळत होती. मला बघून तिनं मान वळवली.

"बगतोस काय कोकण्या?" ती म्हणाली. "पाणी न्हाय घालत मी. हात धुती."