दीड तासाचा पिक्चर

निंगव्वा टॉकीजच्या व्हरांड्यात मालक शरणबसव सकाळपासून येरझाऱ्या घालत होता आणि दर तिसऱ्या फेरीला घड्याळ बघत होता. दीड वाजता त्याचा मेव्हणा शिवलिंगप्पा टेप घेऊन येणार होता. टॉकीज पाडायचं आणि तिथं मंगल कार्यालय बांधायचं, हे बहीणभावानं परस्पर ठरवूनही टाकलं होतं. फक्त माप घ्यायचं राहिलं होतं.

"आज एक तरी खेळ हाऊसफुल्ल करून दाखवा," बायकोनं, चंद्रिकानं, सकाळीच बजावलं होतं. "नाहीतर अण्णाला गुमान मोजू द्या."

शरणबसवचा सगळा भरवसा नव्या पिक्चरवर होता. मागचा पिक्चर साडेतीन तासांचा. करमाळ्याची शेवटची एसटी चुकेल म्हणून माणसं शेवटच्या मारामारीआधीच उठली आणि जाताना शिव्या मात्र मालकाला घालून गेली. शेवट बघायला उरला एकटा ऑपरेटर बिरुदेव. पिक्चर लांबीनं मरतो, हे शरणबसवच्या डोक्यात पक्कं बसलं. म्हणून यावेळी त्यानं खास हुडकून अठ्ठ्याऐंशी मिनिटांचा पिक्चर आणला. दिवसाला सहा खेळ, इंटरवल नाही.

"मालक, इंटरवलबिगर लोक घोटाळ्यात पडतील की," बिरुदेव म्हणाला होता.

"दीड तासात कसला घोटाळा? तू मशीन बघ."

बाराच्या खेळाला निम्मं टॉकीज भरलं. उजनीकाठच्या गावाहून रावजी, त्याची बायको बजाबाई आणि घरची नऊ माणसं पिकअप गाडी करून, भाकरी बांधून आली होती. पिक्चरच्या शेवटी सरपंचानं तुरुंगात धाडलेला हिरो सुटून बायकोच्या दारात येतो, कडी वाजवतो आणि पडदा काळा होतो. पुढं नावांची पट्टी सुरू होताच बिरुदेवनं नेहमीच्या रिवाजानं मशीन बंद करून दिवे लावले.

माणसं शांतपणे उठली. मोरीकडं जाऊन आली, चहा पिऊन आली आणि परत आपापल्या खुर्चीवर बसली. बजाबाईनं भाकरीचं फडकं सोडलं. शरणबसव धावतच आत गेला.

"पाव्हणं, संपला पिक्चर. बाहेर दोनची माणसं थांबलीत."

रावजीनं त्याच्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "गडी आत्ता कुटं दारात आलाय. बायकूनं दार उगडायचं हाय, त्या सरपंचाला बडवायचा हाय. आन् तुमी म्हंताय संपला?"

"अहो, तेवढाच आहे तो."

"दीड तासाचा पिच्चर कुटं आस्तो व्हय? आमच्याकडं जावळाच्या जेवणाला याच्यापेक्षा जास्त येळ लागतो."

"भाकर खाऊस्तवर लावा म्हंजे झालं," बजाबाईनं समजूत काढली. "आमाला घाई न्हाय."

तेवढ्यात शिवलिंगप्पा टेप हलवत दारात हजर. "दाजी, हॉल रिकामा कधी होणार? मला मोजायचंय."

"पाच मिनिटांत, अण्णा," म्हणता म्हणता शरणबसवला घाम फुटला. आतले हलेनात, बाहेरचे थांबेनात. शेवटी दोनची माणसं आत घुसली आणि दिसेल त्या खुर्चीवर बसली. गर्दीच्या लोंढ्यात शिवलिंगप्पाही आत ढकलला गेला आणि रावजीशेजारी जाऊन आदळला. वरच्या खिडकीतून बिरुदेवनं मान काढली.

"मालक, काय लावू?"

"जे आहे तेच लाव," शरणबसव हताश होऊन म्हणाला. आता खुर्च्या मोडणार, या भीतीनं तो दाराशी जीव मुठीत धरून उभा राहिला.

पिक्चर पहिल्यापासून सुरू झाला. मागून कुणीतरी म्हणालं, "ह्ये तर मगाचंच हाय."

"गप की," रावजीनं दटावलं. "फ्लॅशबॅक हाय ह्यो. गडी जेलात का गेला त्ये आता नीट दावत्यात."

सगळ्यांना ते पटलं. मध्ये मध्ये रावजी शेजारच्या शिवलिंगप्पाला पहिल्या भागात काय काय झालं ते सांगत होता, आणि शिवलिंगप्पा मांडीवर टेप ठेवून मान डोलवत होता.

साडेतीनला हिरो पुन्हा दारात आला, पुन्हा पडदा काळा झाला. रावजीनं बाहेर येऊन शरणबसवचा हात हातात घेतला. "पयल्या भागात जीव न्हवता बगा. दुसरा लई भारी. समदा उलगडा झाला." आणि आत दोनच्या माणसांना सांगितलं तेच चारच्या रांगेलाही त्यानं बजावलं, "इंटरवलला उटून जाऊ नगा. खरा पिच्चर फुडं हाय."

झालं. दोनची माणसं पुढच्या भागासाठी खुर्चीला चिकटून राहिली आणि चारची आत शिरली. शेजारच्या हॉटेलातून बाकडी मागवली, तीही भरली. अडगळीतली हाऊसफुल्लची पाटी काढून शरणबसवनं शर्टाच्या बाहीनं पुसली आणि तिकीटखिडकीवर टांगली.

चंद्रिका आली ती त्या पाटीखालीच थबकली. तेवढ्यात शिवलिंगप्पा बाहेर पडला.

"अण्णा, झालं मोजून?"

"मोजतो गं." त्याचं लक्षच नव्हतं. तो शरणबसवला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "दाजी, मी नुसता दुसराच भाग बघितला. पहिला भाग किती वाजता लागतो?"

"आता चारला. पण तिकिटं संपली."

"घरच्या माणसाला एक खुर्ची नाही?"

शरणबसवनं बायकोकडं पाहिलं. ती जवळ आली आणि तिनं वर पाटीकडं बोट केलं.

"हाऊसफुल्ल आहे, अण्णा," ती म्हणाली. "उद्या ये. आणि येताना टेप आणू नको."