सभा बघायला गेलो आणि थांबा घेऊन आलो

शासन कसं चालतं हे मला झोपेतून उठवून विचारा! कायदे कोण करतं, ते राबवतं कोण, न्याय कोण देतं, सगळं एका दमात सांगेन. आमच्या घरात ही तिन्ही खाती बायकोकडेच आहेत, हा भाग वेगळा!

कॉलेजात राज्यशास्त्र शिकवताना माझ्या लक्षात आलं, की पोरं फक्त हजेरीसाठी येतात. म्हणून मी वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी मोठ्या माणसांसाठी वर्ग काढला, 'राज्यशास्त्राची तोंडओळख'. फी नाही, परीक्षा नाही. वाटलं, झुंबड उडेल! आले कोण? दुकान मुलावर सोपवून मोकळे झालेले शिंपीकाका. दातांच्या डॉक्टरीणबाई. टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, ज्यांचं नाव वर्गानं पहिल्याच दिवशी शंकासुर ठेवलं. आणि खुद्द माझ्या सासूबाई!

"जावईबापू दिवसभर नेमकं करतात तरी काय, ते बघावं म्हटलं," त्या म्हणाल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या.

एका शनिवारी शंकासुर उठले. "सर, हे सरकार असतं कुठे? जन्मभर त्याचा पगार खाल्ला, पण दिसलं नाही कधी!"

"चला, दाखवतो!" मी छाती फुगवून म्हणालो. "मंगळवारी नगरपालिकेची सभा आहे. वरच्या सज्जात बसायचं आणि फक्त बघायचं. तोंडातून ब्र काढायचा नाही!"

मंगळवारी आमची वरात निघाली. त्या इमारतीचे जिने असे, की वर चढणारा माणूस खाली निघतो! तिसऱ्यांदा त्याच कुंडीपाशी आलो, तेव्हा शिंपीकाका हळूच म्हणाले, "सर, कुणाला विचारू या का?"

"काका, राज्यशास्त्राचा प्राध्यापक नगरपालिकेत वाट विचारणार? उद्या मासा विचारेल, पाणी कुठाय म्हणून!"

असं म्हणून मी समोरचं पहिलं दार ढकललं. आत लांबलचक टेबल, टेबलामागे तीन माणसं, समोर रिकाम्या खुर्च्या. मी सगळ्यांना बसवलं आणि कुजबुजत व्याख्यान सुरू केलं.

"मधल्या बाई नगराध्यक्ष. डावीकडचे, एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा केलेले, ते विरोधी पक्षनेते."

"आणि उजवीकडचे डुलक्या घेणारे?" शंकासुरांनी विचारलं.

"सत्ताधारी!"

तेवढ्यात बाईंचं आमच्याकडे लक्ष गेलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की जणू हरवलेलं पोर सापडलं! "आलात का! अहो, सकाळपासून माशा मारतोय आम्ही. बोला, काय म्हणणं आहे तुमचं?"

"आमचं काही म्हणणं नाही," मी घाईघाईनं म्हणालो. "आम्ही नुसतं बघायला आलोय."

"बघा की! तो काय नकाशा!"

तेव्हा कुठे उलगडा झाला. वाचनालयापुढचा रस्ता पाइपासाठी खोदणार होते, म्हणून तिथला बसथांबा हलवायचा होता. तो कुठे न्यावा, यावर नागरिकांच्या सूचना ऐकायला ही मंडळी बसली होती. माझ्या नगराध्यक्ष या सूचना ऐकणाऱ्या अधिकारी निघाल्या, विरोधी पक्षनेते रस्ते खात्याचे अभियंता आणि सत्ताधारी त्यांचे कारकून! मला दरदरून घाम फुटला. निघावं म्हणून वळतो, तर माझा अख्खा वर्ग गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तसा नकाशाला चिकटलेला!

"बस थांबलीच नाही, तरी त्याला थांबा म्हणायचं का?" शंकासुर सुरू झाले.

शिंपीकाकांनी खिशातून टेप काढून नकाशाचं माप घेतलं. "या वळणावर नको साहेब. इथे रस्ता काखेत आवळलाय. गर्दी झाली की उसवणार!"

"आणि हा खड्डा मुळापासून किडलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वरवर भरून भागायचं नाही." अभियंत्यांनी नकळत गालावर हात ठेवला.

मग सासूबाई उठल्या. "बाई, माझे गुडघे गेलेत. थांब्यावर उतरून लेकीकडे जायचं म्हणजे केवढी चढण! दारात पोचेपर्यंत एवढा दम लागतो, की भांडायलासुद्धा त्राण उरत नाही!"

"कुठे राहते लेक?"

सासूबाईंनी नकाशावर बोट टेकवलं. मी वाकून पाहिलं. बोट थेट माझ्या फाटकावर!

"रस्ता रुंद आहे, झाडाची सावली आहे आणि घरात पाणी द्यायला कुणी ना कुणी असतंच," त्या म्हणाल्या.

"पण घरमालक कटकट करायचा," बाई म्हणाल्या.

"छे हो! फार गरीब स्वभावाचा आहे!"

मी ताडकन उभा राहिलो आणि बोलायची परवानगी मागायला हात वर केला. नेमकं त्याच क्षणी बाईंनी विचारलं, "या जागेच्या बाजूनं कोण कोण?"

सगळे हात वर गेले. सगळ्यात उंच माझा!

"एकमत!" बाईंनी टेबलावर थाप मारली. कारकून दचकून जागे झाले.

"अहो बाई, पण ते फाटक माझं आहे!" मी ओरडलो.

बाईंचे डोळे भरून आले. "स्वतःच्या दारात थांबा मागताय? अहो, इथे लोक वीतभर जागेसाठी एकमेकांच्या उरावर बसतात!"

अभियंत्यांनी उठून माझा हात हातात घेतला. वर्गानं टाळ्यांचा कडकडाट केला. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणूस काय बोलणार? मी म्हणालो, "त्यात काय एवढं!"

बाहेर आल्यावर शंकासुरांनी वळून इमारतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "सर, दिसलं हो सरकार! मला वाटायचं, फार अवाढव्य असेल. तीनच तर माणसं! आणि कुणी बोलायला आलं की किती खूश होतात बिचारी!" खरं सांगतो, त्यांचा तो चेहरा बघून मी फाटकबिटक सगळं विसरलो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती आधी गार पडली, मग पोट धरधरून हसली. "म्हणजे आई आता रोज येणार?"

"रोज! तेही दम न लागता!"

नगरपालिकेनं जन्मात केली नसेल एवढी घाई करून महिन्याभरात खांब रोवला. आता पहिल्या बसनं सासूबाई येतात आणि फाटकापाशी उभ्या राहून, बसची वाट बघणाऱ्या लोकांना शासन कसं चालतं ते समजावून सांगतात. माझ्यापेक्षा बऱ्या शिकवतात म्हणे! आमची घंटा दिवसभर वाजते. "बस गेली का हो?" "जरा पाणी मिळेल का?" शपथेवर सांगतो, मला मजा येते!

बाक मात्र अजून मंजूर झालेला नाही. फाइल पुढे सरकतेय म्हणतात. तोवर सासूबाईंच्या हुकमावरून आमच्या जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या सकाळी थांब्यावर जातात, त्या शेवटची बस गेल्यावरच परत येतात. तेव्हा आमच्याकडे कधी आलात, तर जेवायला जरूर थांबा. फक्त एक आहे, हल्ली आम्ही उभ्यानंच जेवतो!