थोरल्यांना तुडवायला शहर हवे आहे

शहर पाडायचे असेल तर ते आधी रीतसर उभे असावे लागते, हे वहिनींना ठाऊक नव्हते. त्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवत, आणि त्या शास्त्रात पडणाऱ्या वस्तूला परवानगी लागत नाही.

वहिनी सिनेमा करत होत्या. जुन्या काळी रबरी पोशाखातला माणूस पुठ्ठ्याची शहरे तुडवत जाई, तसल्या सिनेमांवर त्यांचा लहानपणापासून जीव. त्या सिनेमांना मुजरा म्हणून त्यांनी स्वतःचा एक महाकाय प्राणी घडवला होता. व्यायामशाळेने टाकून दिलेल्या गाद्यांचा फोम, त्यावर रबराचा थर आणि आत वहिनींचा धाकटा दीर. या प्राण्याला सगळे आदराने 'थोरले' म्हणत. शहर केले होते वहिनींच्या नवऱ्याने, म्हणजे दादांनी. एका गादीवाल्याच्या रिकाम्या गोदामात कंबरेइतके उंच, हुबेहूब त्यांचे स्वतःचेच शहर पसरले होते. दिव्यांच्या खांबांवर विजेरीचे इवले बल्बही पेटत.

आता एकच दृश्य उरले होते. थोरले शहरातून चालत जातात आणि मागे काही शिल्लक राहत नाही. बाकीचा सिनेमा या दृश्यासाठीच होता. पण दिराला दुसऱ्या गावी नोकरी लागली होती, महिनाअखेरीस निघायचे होते. पोशाखाचे रबर तर असे सुटत चालले होते की तो दिराच्या अंगावरच चिकटवून शिवावा लागे. दुसऱ्या कोणाच्या अंगावर तो चढला नसता.

धूर करायचा होता, म्हणून वहिनी अग्निशमन खात्यात गेल्या. मोघम लिहायचे नाही ही त्यांची जुनी सवय. तीच नडली. अर्जात त्यांनी स्वच्छ अक्षरात कारण लिहिले, 'शहर नष्ट करणे.'

"काय नष्ट करणार म्हणालात?" कारकुनाने विचारले.

"शहर."

"कुठलं?"

"आपलंच."

कारकुनाने मान वर केली नाही. "मग वरच्या मजल्यावर जा, बांधकाम विभागात. आम्ही फक्त आग बघतो. पाडापाडी त्यांच्याकडे."

बांधकाम विभागाचे साहेब मवाळ होते. त्यांनी वहिनींना बसायला खुर्ची दिली.

"बाई, पाडायला माझी काही हरकत नाही. पण जे आमच्या दप्तरी उभंच नाही, ते पाडू कसं देणार? आधी नियमित करून घ्या, मग खुशाल पाडा."

"साहेब, पुठ्ठ्याचं आहे ते."

"बाई, साहित्याचा दर्जा वेगळा विभाग बघतो."

वहिनींनी शहर नियमित करण्याचा अर्ज दिला, तेव्हा गोदामात निरीक्षक आले. त्यांनी बूट काढले आणि मुख्य रस्त्याने रांगत निघाले. गच्च्यांना जिने नव्हते. दादांनी आइस्क्रीमच्या काड्यांचे जिने करून चिकटवले. मग इस्पितळापाशी निरीक्षक आडवे झाले आणि एक डोळा मिटून खिडकीतून आत पाहू लागले.

"याला मागचं दार नाही."

"आत कोणी नाहीये पण," दादा म्हणाले.

"खऱ्यातही कोणी नसतं. दार मात्र आहे."

दादांनी दार केले. त्याला कडीही लावली.

अडचण आली ती नदीपाशी. खऱ्या शहरातल्या नदीवरचा पूल कित्येक वर्षे अर्धाच उभा होता, मधोमध येऊन थांबलेला. थोरल्यांना मोडायला अख्खा पूल हवा, म्हणून दादांनी तो पलीकडच्या काठापर्यंत नेला होता. निरीक्षक त्या पुलाकडे बराच वेळ बघत राहिले.

"हा पूर्ण कधी झाला?"

"गेल्या आठवड्यात."

निरीक्षकांनी गुडघ्यावर बसून फोटो काढला. तो साहेबांकडे गेला, साहेबांकडून त्यांच्या साहेबांकडे. पुलाचा फोटो वर पाठवायला इतकी वर्षे कोणी धजावले नव्हते, त्यामुळे वर फार आनंद झाला. आणखी फोटो मागवण्यात आले. सपाट रस्ते, पेटलेले दिवे, न तुंबलेली गटारे, सगळे वार्षिक अहवालात 'पूर्ण झालेली कामे' या सदरात छापून आले. पाठोपाठ मोठे पाहुणे येऊन पुलाचे उद्घाटनही करून गेले. पुलावर फीत मावेना, तेव्हा शिवणाचा दोरा बांधला. पाहुण्यांनी तो नखे कापायच्या कात्रीने कापला आणि वाकल्यामुळे त्यांची कंबर धरली.

वहिनी पुन्हा साहेबांकडे गेल्या. "झालं ना नियमित? आता पाडू?"

साहेबांना वाईट वाटले. "आता कसं पाडणार बाई? मंजूर शहर आहे. उद्घाटन झालेलं. सार्वजनिक मालमत्ता आहे ती."

"आम्ही घरच्यांनी केलंय ते."

"जनतेनंच केलेलं असतं सगळं."

वहिनींचा आवाज वर्गात कधी चढत नसे, इथेही चढला नाही. "साहेब, माझा दीर शनिवारी जातोय. त्याच्याआधी शहर पडलं नाही, तर सिनेमा नाही. नुसता एक अवाढव्य प्राणी उरेल, ज्याला काही काम नाही."

"असे आमच्याकडेही आहेत," साहेब म्हणाले. मग उठून त्यांनी दार लोटले आणि आवाज खाली आणला. "हे बघा, एका नावाचं एकच शहर दप्तरी राहतं. ते आता तुमचं झालं. मग हे," त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवले, "हे कागदोपत्री राहिलेलंच नाही. इथे करा ना. जे नाहीच, ते पाडायला परवानगी कशाला?"

वहिनींनी रात्रभर गणित केले असते, पण गरज पडली नाही. माणूस कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, इमारत लांब आणि कॅमेरा जमिनीच्याही खाली ठेवला, की माणूस इमारतीहून उंच दिसतो. कॅमेरा जमिनीखाली ठेवायची सोय त्या शहरात चौकाचौकात होती. शुक्रवारी सकाळी वहिनी एका खड्ड्यात उतरल्या आणि दादांनी वरून कॅमेरा हातात दिला.

थोरले मोडक्या पुलापाशी आले. पाय उचलून आधीच पडलेल्या भिंतीशेजारी ठेवला. दोन्ही हात वर केले. आता लोकांनी किंकाळ्या फोडत पळायचे होते.

लोक थोरल्यांच्या मागे रांगेत उभे राहिले.

"साहेब, आमची गल्ली पाडायला कधी घेणार?" पहिल्याने विचारले.

"समोरच्यांनी गॅलरी वाढवलीय, तेवढी आधी बघा," एक काकू म्हणाल्या. "आमची जरा आत आहे. ती राहू दे."

"वहिनी," मुखवट्यातून घुसमटलेला आवाज आला, "हे पळत का नाहीत?"

"भाऊजी, गुरगुरा थोडं."

भाऊजी पोटातून गुरगुरले. रांग अर्धा पाऊल मागे सरकली.

"चिडू नका साहेब, आम्ही थांबतो," काकू म्हणाल्या आणि चिखलात लोळणारी शेपूट त्यांनी दोन बोटांनी उचलून धरली.

दृश्य तसेच घ्यावे लागले. शनिवारी दीर गेला, मानेवरचे थोडे रबर तसेच घेऊन.

सिनेमा पुरा झाला आणि एका छोट्या सभागृहात लागला. वहिनी मागच्या भिंतीला टेकून अंधारात प्रेक्षकांचे चेहरे पाहत होत्या. थोरले आले तेव्हा लोक खरोखर दचकले. शेवटी टाळ्याही पडल्या. दिवे लागले आणि वहिनी दाराशी येऊन थांबल्या.

"प्राणी झकास जमलाय," एक गृहस्थ म्हणाले. "अगदी खरा. सेटमध्ये मात्र अति केलंय तुम्ही."

"म्हणजे?"

"रस्त्यात माणूस उतरेल एवढा खड्डा? नदीच्या मध्यावर संपणारा पूल? आणि लोक त्यातून निवांत चाललेत, वर रांगा लावतायत. असं शहर असतं का कुठे? प्रेक्षकाला काहीतरी पटायला हवं ना बाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. वहिनींनी उत्तर द्यायला तोंड उघडले, पण तोवर मंडळी बाहेर पडू लागली होती. सभागृहाच्या दारासमोर रस्ता खणलेला होता आणि त्यावर एक फळी टाकलेली होती. सेटची चर्चा करत, कपडे वर धरून, एकामागून एक सगळे तिच्यावरून पलीकडे गेले. त्यांच्यात तुम्हीही होतात. पलीकडे उतरल्यावर मागच्याला तुम्ही हात दिलात आणि म्हणालात, "जपून हं, मधेच जरा हलते. सवय होते मग."